बिलाच्या कागदाला शाई लागत नाही

हा कागद बघा. आत्ताच कोपरखैरण्याच्या एका सुपरमार्केटमधून घेतलेलं बिल आहे, साखर, तूरडाळ, कपड्याचा साबण. आता याच्यावर नखाने जोरात रेघ मारा. उमटली ना काळी? बिल छापणाऱ्या मशीनमधे शाईच नसते, कागदावरच एक थर दिलेला असतो आणि उष्णता लागली की तो काळा पडतो. त्या थरात बऱ्याचदा बीपीए असतं, बिस्फेनॉल ए, आणि ते कागदाला घट्ट धरून नसतं, बोटांना लागतं.

आपल्या हातात बिल असतं रिक्षात बसेपर्यंत. पण काउंटरवरच्या ताई सकाळी दहापासून फाडतायत, महिन्याच्या पहिल्या रविवारी तर मान वर करायला फुरसत नाही, मधेच सॅनिटायझर लावायचं, परत बिलं, आणि मग त्याच हाताने वडापाव. सॅनिटायझरने हात ओले असताना हे केमिकल कातडीतून उलट जास्त आत जातं आणि ताईंना वाटतंय आपण हात स्वच्छ केले. त्यांना हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, मला सगळ्यात जास्त त्याचं वाईट वाटतं.

आत जाऊन ते करतं काय? हार्मोन म्हणजे रक्तातून पाठवलेला निरोप, आणि तोही किती बारीक, तर एस्ट्रोजेन हे स्त्री हार्मोन मोजतात पिकोग्रॅममधे, एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. पेशीत त्या निरोपाची जागा ठरलेली असते, तिला रिसेप्टर म्हणतात. बीपीए त्या जागेवर जाऊन बसतं आणि पेशी एस्ट्रोजेन आलं समजून कामाला लागते. काही केमिकलं याच्या उलट. डीडीटी या कीटकनाशकापासून शरीरात जे डीडीई बनतं ते पुरुष हार्मोनच्या जागेवर लोकलमधे रुमाल टाकतात तशी नुसती जागा अडवून ठेवतं, खरा आला तरी उभाच.

बीपीए एस्ट्रोजेनपेक्षा कितीतरी पटीने कमजोर आहे हेही खरं, एका बिलाने तुम्हाला काही होणार नाही. पण पोटातल्या बाळाचे अवयव घडत असतात आणि तेव्हा निरोप चुकला तर ती वेळ परत येत नाही. चार्ल्स डॉड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बीपीए एस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३६ मधेच दाखवलं होतं, दोन वर्षांनी त्यांच्याच टीमने डीईएस हे कृत्रिम एस्ट्रोजेन बनवलं, आणि गर्भपात होऊ नये म्हणून ते लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. आयांना तेव्हा काही जाणवलं नाही. १९७१ ला बॉस्टनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की या आयांच्या तरुण मुलींना योनीमार्गाचा एक दुर्मिळ कॅन्सर होतोय. डीईएस खूप जोरदार, बीपीएला मी त्याच्या तागडीत घालत नाहीये, पण आईने घेतलेल्याचा हिशोब पंधरा-वीस वर्षांनी मुलीकडे निघू शकतो हे तिथे कळलं.

अमेरिकेत २०१४ ला छापून आलेला एक साधा प्रयोग आहे. २४ जणांनी दोन तास अशा पावत्या हाताळल्या, नंतर त्यांच्या लघवीत बीपीए वाढलेलं निघालं. ग्लोव्हज घालून तेच केलं तेव्हा तसं वाढलं नाही. युरोपने २०२० पासून या कागदातलं बीपीए जवळपास बंदच केलं, मग बऱ्याच कंपन्यांनी बीपीएस, म्हणजे बिस्फेनॉल एस, वापरायला घेतलं, जे वागायला त्याचंच भावंड. म्हणून नुसतं ‘बीपीए फ्री’ वाचून मला तरी हायसं वाटत नाही.

तीन नंबर काउंटरवरच्या मुलीला पाचवा महिना आहे. आम्ही ताईंना हे सगळं सांगत होतो तेव्हा ती ऐकत होती, काही बोलली नाही. ताई उठल्या, तिच्या खुर्चीशी गेल्या, म्हणाल्या, तू पिशव्या भर गं, बिलं मी फाडते.

ग्लोव्हज मागितलेत. अजून आलेले नाहीत.