गुलाबी प्रगतिपुस्तक

श्रोतेहो, नमस्कार.

१ मे रोजी महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन झाले आणि दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे त्याच पटांगणावर, कडुनिंबाच्या सावलीत, मुलांच्या हाती निकाल पडला. नरखेड-काटोलच्या संत्र्याच्या बागांपासून भिवापूरच्या मिरचीच्या शिवारापर्यंत आणि रामटेकच्या गडापासून उमरेडच्या कोळसा खाणींपर्यंत पसरलेल्या आपल्या नागपूर जिल्ह्यातील शाळांचे एक वर्ष त्या सकाळी संपले. या वर्षाचा थोडा हिशेब मांडावा, म्हणून आज आपल्यापुढे आलो आहे. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि शेवटची काही वर्षे केंद्रप्रमुख म्हणून काम केले, त्यामुळे बोलण्यात मास्तरकी डोकावली, तर ती आपण चालवून घ्याल अशी आशा आहे.

सुरुवात कामाच्या गोष्टीने करतो. आपले मूल पाचवीत किंवा आठवीत असेल, तर निकालाचा कागद नुसता घडी करून ठेवू नका. आठवीपर्यंत कोणालाच नापास करत नाहीत, हा अनेक घरांतला समज आता जुना झाला आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये नियम बदलला, आणि तेव्हापासून पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेत जे मूल मागे पडते, त्याला पूरक मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तीतही ते उत्तीर्ण झाले नाही, तर ते त्याच वर्गात राहते. पुन्हा सांगतो, पाचवी आणि आठवी. मामाच्या गावाला जाण्याआधी शाळेत जाऊन फेरपरीक्षेची तारीख विचारून घ्या, कारण मूल परगावी आणि परीक्षा इथे, असा घोळ मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे.

दुसरी गोष्ट आठवीच्या मुलांच्या कौतुकाची आहे आणि काळजीचीही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे ज्या परीक्षेला आपण सगळे एनएमएमएस म्हणतो, तिच्यात निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घरात वही घ्यायची की चप्पल, असा प्रश्न असतो, त्या घरात या रकमेचे मोल मी सांगायला नको. मात्र ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठीच आहे. मुलगा हुशार निघाला म्हणून आनंदाच्या भरात त्याला विनाअनुदानित शाळेत घातले, की ही रक्कम हातची जाते. शिवाय दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. हेही पुन्हा सांगतो: नववीचा प्रवेश शाळा अनुदानित आहे की नाही ते विचारून घ्या आणि नूतनीकरण विसरू नका.

पाचवी व आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे आपल्याला ठाऊकच आहे. २०१६-१७ पासून ती या दोन वर्गांना आली, आणि आता ती पुन्हा पूर्वीसारखी चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला आहे. माझ्या पिढीने ती चौथी-सातवीलाच दिली होती, म्हणून मला आनंद झाला, हे कबूल करतो. त्याला यापेक्षा मोठे कारण माझ्यापाशी नाही.

यशाच्या बातम्यांत या वर्षी नागपूरकरांना एका नावाने विशेष सुखावले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे आपल्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्या वेळी तिचे वय अवघे १९ वर्षांचे होते. त्यानंतर मी ज्या दोन-तीन खेड्यांतल्या शाळांत गेलो, तिथे कपाटात धूळ खात पडलेले पट बाहेर आले होते आणि हरवलेल्या प्याद्यांच्या जागी चिंचोके मांडून मुले खेळत होती. चौकाचौकांत लागणाऱ्या अभिनंदनाच्या फलकांपेक्षा मला ते चिंचोके अधिक आवडले. फलकांविषयी एक सांगू का? गुणवंत विद्यार्थ्याचे छायाचित्र टपाल तिकिटाएवढे आणि अभिनंदन करणाऱ्या पुढाऱ्याचे दाराएवढे, हे प्रमाण कोणत्या गणितात बसते ते मला अजून कळलेले नाही.

असो. यादीत नाव आलेल्या मुलांचे कौतुक सर्वजण करतात. ज्यांचे नाव कोणत्याही यादीत येत नाही, त्यांची वर्षभराची बातमी मात्र एकाच कागदावर छापली जाते, आणि तो कागद म्हणजे प्रगतिपुस्तक. त्याविषयीची एक हकिगत मला आज सांगायची आहे. ती सांगताना माझीच चूक सांगावी लागते, तरीही मी ती संधी मिळेल तिथे सांगतो.

साधारण चौदा वर्षांपूर्वी मी पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या एका दोनशिक्षकी शाळेत होतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन नुकतेच लागू झाले होते. गुणांच्या जागी श्रेणी आल्या होत्या, आणि प्रगतिपुस्तकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे तीन रकाने आले होते, ज्यांत प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहायची होती. अशा तयार नोंदींची पुस्तिका तेव्हा नागपुरात बर्डीवरच्या दुकानांत विकत मिळत असे. मी ती आणली, माझ्या वर्गाची २७ गुलाबी कार्डे पुढे घेतली आणि एप्रिलच्या अखेरीस एका रात्रीत, कूलरसमोर बसून, सगळी भरून टाकली. चार वाक्ये आलटून पालटून, पण अक्षर मोत्यासारखे.

१ मे रोजी ध्वजवंदनानंतर निकाल वाटले. बहुतेक पालकांना वाचता येत नसल्यामुळे मीच प्रत्येकाचे कार्ड मोठ्याने वाचून दाखवत होतो. गर्दी ओसरल्यावर एक आजी आली. नातीचे आईवडील तेंदूपत्त्याला, म्हणजे विडीची पाने तोडायला, जंगलात गेले होते, म्हणून ती आली होती. शेजारच्या घरातल्या मुलीचे कार्ड मी नुकतेच वाचून संपवले होते, आणि आजी ते ऐकत उभी होती. मग मी तिच्या नातीचे वाचले: उपक्रमात सहभाग घेते, चित्रे काढण्याची आवड आहे, गणितात सरावाची गरज आहे.

आजी जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, थ्या पोरीचं अन् हिचं एकच काहून हो?”

मी म्हणालो, “आजी, दोघींची प्रगती सारखीच आहे.”

“सारखी कशी राहीन बाप्पा? थे चूप राहत नाई अन् हे बोलत नाई. अन् हिले गणित येत नाई म्हणता? घरी या, पुडके बांधताना पाहा.”

शेजारी उभे असलेले चार लोक हसले. मीही हसलो, पण ते हसणे घशाखाली उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच त्या घरी गेलो. तेंदूची पाने पहाटे तोडतात, उन्हे चढण्याआधी घरी आणतात, आणि मग सारे घर अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधते. संध्याकाळी ती संकलन केंद्रावर मोजून द्यायची असतात. ती मुलगी मांडवाच्या सावलीत बसली होती. डाव्या हाताने ती एका वेळी पाच पाने उचलत होती, अंगठ्याने त्यांची देठे सारखी करत होती आणि चौदाव्या खेपेला वाखाचा फेरा देऊन गाठ मारत होती. तोंडाने मोजणे नाही, बोटांवर मोजणे नाही. मीही एक पुडके बांधले आणि तिच्या हातात दिले. तिने ते तळहातावर जरासे तोलले आणि वर न पाहता म्हणाली, “दोन कमी हायेत, गुरुजी.” मी सोडून मोजले. पाने अडुसष्ट होती.

शाळेत येऊन मी सगळी कार्डे परत मागवली. खाडाखोड चालत नव्हती, म्हणून रकान्यांच्या मापाच्या पांढऱ्या कागदी पट्ट्या कापल्या, खळ लावून जुन्या ओळींवर चिकटवल्या आणि पुन्हा लिहायला बसलो. त्या वेळी जे उमगले, ते नोंदींपेक्षा अधिक बोचणारे होते. २७ पैकी ७ मुलांविषयी लिहिण्यासारखे मला काहीच ठाऊक नव्हते. वर्षभर मी त्यांची हजेरी घेतली होती, त्यांच्या वह्या तपासल्या होत्या, आणि तरीही पुस्तिकेतले वाक्य काढून घेतले, की माझ्यापाशी त्यांच्याविषयी एक ओळसुद्धा उरत नव्हती. त्या सात घरी जायला मला पुढचे चार दिवस लागले. एका मुलाला रानातल्या पाखरांचे आवाज काढता येत होते. दुसरा धाकट्या भावाला रोज कडेवर घेऊन अंगणवाडीत सोडत होता, आणि मी मात्र त्याच्या नावापुढे ‘शाळेत उशिरा येतो’ असे लिहून मोकळा झालो होतो.

त्या मुलीच्या कार्डावरच्या पट्टीवर मी लिहिले: पाच-पाचच्या गटाने सत्तरपर्यंत अचूक मोजते, हाताच्या अंदाजाने कमी-जास्त ओळखते, वर्गात बोलण्यासाठी तिला धीर द्यावा. आजीने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग कार्डाची घडी करून, ज्या पत्र्याच्या डब्यात रेशनकार्ड होते, त्यात ते ठेवले आणि मला म्हणाली, “आता हे आमच्याच पोरीचं हाय.”

आपल्या घरीही असे एक कार्ड या आठवड्यात आले असेल. श्रेणीच्या खालचे ते तीन रकाने आज मुलाला जवळ बसवून वाचा. तिथे लिहिलेले आपल्या मुलाचे नाही, कोणाचेही चालेल असे वाटले, तर शाळेत जाऊन नम्रपणे तसे विचारा. शिक्षकांना राग येईल, ही भीती बाळगू नका. मला आला नव्हता असे नाही, पण तो दुपारपर्यंतच टिकला.

आपल्याकडच्या उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरच्या दिवसांत उघडतात, हे आपण जाणताच. शाळा सोडल्याचा दाखला काढायचा असेल, तर मुलाचे नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव शाळेतच तपासून घ्या, कारण एका वेलांटीसाठी पुढे तहसीलच्या चकरा पडतात. आणि वेळ संपत आली आहे, म्हणून तिसऱ्यांदा सांगतो: पाचवी किंवा आठवीचे मूल असेल, तर गावाला जाण्याआधी फेरपरीक्षेची तारीख विचारून घ्या.

नमस्कार.