मालक नको म्हणाला तर? समुद्रकाठची जमीन विकत घेणारं सरकार

नमस्कार मंडळी! बेळगावात समुद्र नाही हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये सांगायची तसदी घेऊ नका. पण चोर्ला घाट उतरला की जेवायच्या वेळेपर्यंत आपण गोव्याच्या वाळूत असतो. आणि खानापूरच्या रानात, भीमगडाच्या जंगलात उगवणारी म्हादई तिकडं मांडवी होऊन पणजीला समुद्रात जाते. म्हणजे आपलं पाणी तिथं पोचतंच की.

तर मागं एकदा पहाटे मोरजीला होतो. वाळूत एक पट्टा दिसला. लहान ट्रॅक्टर गेल्यासारखा, दोन्ही बाजूंना खाचा, मधे घासटल्याची रेघ. पाण्यातून वर आलेला, पंचवीस-तीस पावलांवर वळलेला आणि सरळ परत पाण्यात. कासवाची मादी अंडी घालायला आली होती आणि न घालताच गेली. वर बघितलं तर शॅकच्या दिव्यांची माळ अजून जळत होती.

आता तुम्ही म्हणाल, कायदा आहे की. आहे. किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे आपण सीआरझेड म्हणतो तो. पण तो काय करतो? तुमची जमीन तुमचीच ठेवतो आणि 'इथं बांधू नका' म्हणतो. 2011 च्या अधिसूचनेत गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून 200 मीटर मोकळे ठेवायचे होते. 2019 ला नवी अधिसूचना आली आणि दाट वस्तीच्या गावांसाठी ते 50 मीटरवर आलं. एक कागद निघाला, दीडशे मीटर गेले. नियमाचं हेच दुखणं आहे. काढणारा तोच, बदलणारा तोच.

दुसरा रस्ता म्हणजे जमीन सरळ विकत घ्यायची. नकाशा बघा, अमेरिकेतलं फ्लोरिडा, पूर्व किनारा. इथं साधारण 33 किलोमीटरचा पट्टा आहे, आपल्याकडं बेळगावहून निघून खानापूर मागं टाकलं की होईल एवढा. अमेरिकेतल्या लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांची अंदाजे चौथाई घरटी एवढ्याशा वाळूत होतात. आणि ऐंशीच्या दशकात त्याच वाळूवर फ्लॅट उठत होते. जन्मभर कासवांमागं फिरलेले प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार 1987 ला गेले, आणि 1991 मध्ये त्यांच्या नावानं इथं अभयारण्य झालं. पण घोषणा करून जमीन मिळत नाही. ती तुकड्या-तुकड्यानं विकत घेतली. कुणी? केंद्राचं वन्यजीव खातं, फ्लोरिडा राज्य, ब्रेव्हार्ड आणि इंडियन रिव्हर हे दोन जिल्हे, वर खासगी देणगीदार. अगदी भिशीसारखं, एकट्याला न झेपणारं सगळ्यांनी मिळून.

यात मला खरी गंमत वाटते ती जिल्ह्याची. ब्रेव्हार्डनं 1990 मध्ये लोकांनाच विचारलं, 'घरपट्टीत थोडी भर घालू का? त्या पैशातून रान आणि किनारा घेऊ.' मालमत्तेच्या किमतीत दर हजार डॉलरला जास्तीत जास्त पाव डॉलर, वीस वर्षं. लोकांनी मतपेटीत हो म्हटलं. 2004 ला पुन्हा हो, 2022 ला पुन्हा हो. कर वाढवायला तीनदा हो! आपल्याकडं घरपट्टी दहा रुपयांनी वाढली तर कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर आठवडाभर दुसरा विषय नसतो.

हे स्वतःचे पैसे हातात असले की जिल्हा राज्याकडं जातो, 'माझा वाटा हा, तुमचा काढा.' त्यासाठी फ्लोरिडानं 1989 मध्ये वेगळी संस्था काढली. पण राज्याचे पैसे फुकट नसतात. अट दस्तातच लिहितात. उद्या जिल्ह्यानं तिथं हॉटेल काढायचं मनावर घेतलं तर जमीन राज्याच्या नावावर जाऊ शकते. मला तरी सगळ्या व्यवहारात हीच ओळ सर्वात मोलाची वाटते.

आणि फाईल? ती तिथंही हळूच चालते. बिल्डर आठवड्यात इसार देऊन मोकळा होतो, सरकारला मोजणी, मूल्यांकन, बैठका. म्हणून कधी एखादी निसर्गसंस्था मधे पडते, आधी स्वतः जमीन घेऊन अडवून ठेवते, सरकारी पैसे आले की त्यांच्या नावावर करून देते.

सगळं गोड आहे असं नाही. मालक विकेल तेवढंच मिळतं, त्यामुळे तो पट्टा आजही सलग नाही, मधेमधे घरं आहेतच. जमीन महागली की तेवढ्याच पैशात तुकडा लहान येतो. आणि आपल्या ग्रामपंचायतीनं हे करायचं म्हटलं तर कशाच्या जोरावर? 2021 ते 2026 साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला 60 टक्के पैसा तर पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता.

हा व्हिडिओ करायच्या आधी शहापूरच्या शिवारात एका मामांना हे सगळं सांगितलं. हलगा-मच्छे बायपासच्या वाटेवर त्यांचं भाताचं शेत. रस्त्यात जमीन जाऊ नये म्हणून तिथले शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात लढलेत, त्यामुळे 'सरकार' आणि 'जमीन' हे दोन शब्द एका वाक्यात आले की मामा विळा खाली ठेवतात.

"मालक नको म्हणाला तर?" त्यांनी विचारलं.

"तर नको. मोटार फिरवून परत जातात."

"मग ते सरकार कसलं रे?"

मी म्हटलं, मामा, हे भूसंपादन नव्हे, खरेदी. साखरेच्या पोत्यासारखी. तिथल्या सरकारलाही सक्तीनं जमीन घेता येते, रस्त्याला घेतातही, पण या योजनांमध्ये राजीखुशीनं विकणाराच बघतात. सही आणि पैसे एकाच बैठकीत.

मामा बांधावर बसून जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढा पैसा घालतात म्हणजे तिथं बासमती होत असणार."

"वाळू आहे हो. काय होणार त्यात? कासवं."

"आणि त्या कासवांना कुणी उठवायला येत नाही?"