७१६ यार्डांचा क्वार्टरबॅक

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमध्ये विद्यापीठाच्या मैदानावर विक्रमांची रास घालणारा क्वार्टरबॅक व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये गेला की दोन-तीन हंगामांतच निष्प्रभ का ठरतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू आणि टचडाउन म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेऊन गुण मिळवणे, हे आपणांस ठाऊक आहे असे मी धरून चालतो, कारण सुपर बोलसाठी सोमवारी पहाटे गजर लावून उठणारी मंडळी आता आपल्याकडेही आहेत.

हा विषय निघाला की मला हटकून डेव्हिड क्लिंगलर आठवतो. हा टेक्ससमधल्या ह्यूस्टन विद्यापीठाचा खेळाडू. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ११ टचडाउन पास फेकले आणि ह्यूस्टनने ८४-२१ असा विजय मिळवला. ईस्टर्न वॉशिंग्टन हा खालच्या विभागातला संघ होता. अशा संघाला आपल्या मैदानावर बोलावून त्याच्यावर ८४ गुण चढवण्यात कसली शोभा आहे, हे मला आजवर उमगलेले नाही, पण विक्रमांच्या वहीत प्रतिस्पर्धी कोण होता याचा रकाना नसतो. त्यानंतर दोन आठवड्यांनी हाच संघ ॲरिझोना स्टेटशी खेळायला थेट तोक्योला गेला. तिथे क्लिंगलरने ७० पास फेकले, त्यांतले ४१ सहकाऱ्यांच्या हाती पोचले आणि एकूण ७१६ यार्डांची कमाई झाली. ७१६ यार्ड, एका सामन्यात! त्या काळी चांगल्या क्वार्टरबॅकच्या खात्यावर सामन्यामागे २५० यार्ड जमले तरी प्रशिक्षक समाधानी असत.

ह्यूस्टनच्या या आक्रमणाला ‘रन अँड शूट’ म्हणत. चार रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, मैदानभर पसरायचे, समोरची बचावफळी कशी उभी आहे हे पाहून धावता धावता आपली वाट बदलायचे, आणि क्वार्टरबॅकने चेंडू झटपट सोडत राहायचे. याच पद्धतीत खेळून आदल्या वर्षी ह्यूस्टनच्याच आंद्रे वेअरने विद्यापीठातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक पटकावला होता, एनएफएलच्या डेट्रॉइट संघाने त्याला १९९० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या क्रमांकावर निवडले होते, आणि तिथे त्याचा जम काही बसला नाही. म्हणजे इशारा समोर होता. तरीही १९९२ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सने क्लिंगलरला सहाव्या क्रमांकावर उचलले. आदल्या हंगामात १६ पैकी अवघे तीन सामने जिंकलेला हा संघ होता आणि तिथे सगळ्यांनाच घाई झाली होती. पहिल्याच हंगामात त्याला सामन्याच्या सुरुवातीपासून मैदानात उतरवले गेले आणि अशा त्याच्या पहिल्या सामन्यात पिट्सबर्ग स्टीलर्सच्या बचावपटूंनी त्याला, चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच, दहा वेळा जमिनीवर लोळवले. तोक्योत ७१६ यार्ड आणि पिट्सबर्गविरुद्ध दहा वेळा लोळण. एनएफएलमधली त्याची सारी कारकीर्द मिळून टचडाउन पास झाले १६ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले पास २२. एका सामन्यात ११, आणि साऱ्या कारकिर्दीत १६!

ओघात आले म्हणून सांगतो. हाइझमन करंडक या शतकात बहुतेक वेळा क्वार्टरबॅकलाच मिळालेला आहे. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणाऱ्या पाच लाइनमनपैकी एकालाही तो आजवर कधी मिळालेला नाही, आणि मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. ती भिंत ढासळली की करंडकवाल्याचे काय होते, ते आपण आताच ऐकले.

आता कारणे थोडक्यात. विद्यापीठात एखादा बलाढ्य संघ वर्षातले निम्मे सामने आपल्याहून दुबळ्या संघांशी खेळतो, त्यामुळे रिसीव्हर मोकळा झालेला दिसल्यावर चेंडू फेकला तरी चालून जाते. एनएफएलमध्ये तो मोकळा होण्याआधीच फेकावा लागतो, कारण तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हे पुन्हा सांगतो: विद्यापीठात दिसल्यावर फेकतात, एनएफएलमध्ये दिसण्याआधी. शिवाय २०२३ पर्यंत अनेक विद्यापीठांत कडेला उभे असलेले प्रशिक्षकच समोरची मांडणी वाचून खुणांनी चाल कळवत, तर व्यावसायिक सामन्यात क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातला प्रशिक्षकांचा आवाज चाल सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो आणि पुढचे वाचन त्याचे त्यालाच करावे लागते. मैदानावरच्या आखणीतही फरक आहे. प्रत्येक चाल ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या दरम्यान सुरू होते त्या आतल्या खुणांच्या दोन ओळींत विद्यापीठात ४० फुटांचे अंतर असते, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचे. साहजिकच विद्यापीठात एका बाजूला जी ऐसपैस मोकळी जागा सापडते, ती पुढे सापडत नाही.

आणि सर्वांत उलटी गोष्ट ड्राफ्टच्या नियमातच आहे: जो संघ सर्वांत तळाला, त्याची निवड सर्वांत आधी. सर्वोत्तम तरुण क्वार्टरबॅक अशा रीतीने बहुधा सर्वांत मोडकळलेल्या संघाच्या वाट्याला येतो.

क्लिंगलरचा तो विक्रम २०१४ मध्ये वॉशिंग्टन स्टेटच्या कॉनर हॅलिडेने ७३४ यार्ड करून मोडला. हॅलिडेला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नाही. २०१६ मध्ये टेक्सस टेकच्या पॅट्रिक महोम्सने ओक्लाहोमाविरुद्ध नेमके तेवढेच, ७३४ यार्ड केले, आणि तो सामना त्याचा संघ ६६-५९ असा हरला. आकडा तोच, आक्रमणही त्याच फेकाफेकीच्या घराण्यातले. महोम्सला मात्र २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवडही मोजून, २७ व्या क्रमांकावरून दहाव्या क्रमांकावर सरकून घेतले, आणि मग संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ याच्या हाताखाली जवळजवळ पूर्ण हंगाम बाकावर बसवून ठेवले. शेवटचा एक सामना तेवढा त्याच्या वाट्याला आला. पुढच्या वर्षी त्याने ५० टचडाउन पास फेकले. चीफ्सनी त्याला घेतले तेव्हा ते आदल्या हंगामात १२ सामने जिंकलेले होते, आणि त्यांना बेंगल्ससारखी घाई नव्हती.