पिवळं आधी, काळं नंतर

(दृश्य: टेबलावर जलरंगाच्या वह्यांची चळत. सर्वांत खालची वही ओढून काढणारा हात. पहिलं पान उघडतं.)

ही माझी पहिली वही. जून २०१४.

पहिल्याच पानावर सीएसटीची इमारत आहे. राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, १८८७ मध्ये, तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं. मी ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून काढली. घुमट, कमानी, घड्याळ, खिडक्यांच्या वरची नक्षी, सगळं मन लावून काढलंय. त्या दिवशी ऑफिसला अर्धा तास उशीर झाला होता, ते अजून आठवतंय.

आता चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बघा. तीन काळे डाग आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक पिवळा फराटा. त्या टॅक्सी आहेत.

इमारत आज जशीच्या तशी आहे. उद्या सकाळी जाऊन पुन्हा काढता येईल. त्या टॅक्सी मात्र आता काढता येणार नाहीत.

(दृश्य: पानं भराभर उलटतात. प्रत्येक पानाच्या कडेला काळे-पिवळे डाग.)

ताडदेवच्या आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी नाही. बातमी वाचली त्या संध्याकाळी मी सगळ्या वह्या जमिनीवर मांडल्या. एवढी वर्षं शहर काढतेय, तर पद्मिनीचं एक तरी धड चित्र सापडेलच, असं वाटलं होतं.

एकही सापडलं नाही. चित्रांत टॅक्सी शंभर तरी असतील, पण त्या सगळ्या डागच. रस्ता रिकामा दिसू नये म्हणून, रंग उरला म्हणून, इमारतीची उंची कळावी म्हणून काढलेल्या. दार कसं होतं, दिवे कुठे होते, टपावर कॅरिअर कसा बसवलेला असायचा, यातलं काहीही मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बेस्टची शेवटची साधी डबल डेकर अंधेरीत ४१५ नंबरच्या मार्गावर धावली. १९३७ पासून या शहरात असलेली गाडी. तिची माझ्याकडे दोन चित्रं आहेत, दोन्ही लांबून. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटवर मी किती वेळा बसले असेन, पण तिथून वही उघडली नाही. पाय लांब करून वारा खात बसले.

त्या रात्री ठरवलं, आता कोपरे काढायचे. पानाच्या कडेला जे भर म्हणून येतं, ते पानाच्या मधोमध आणायचं.

(दृश्य: डोंबिवली स्टेशन, सकाळची गर्दी.)

मी डोंबिवलीची. नोकरी फोर्टात. सकाळच्या फास्टमध्ये वही काढण्याचा विचारही करता येत नाही, पर्स छातीशी धरून उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ. संध्याकाळी मात्र गाडी सीएसएमटीलाच मिळते, बसायला जागा असते आणि हातात पाऊण-एक तास असतो. माझी निम्मी चित्रं लेडीज डब्यात झालीत.

चालत्या लोकलमध्ये रेघ सरळ येत नाही. त्यावर मी माझ्यापुरता तोडगा काढलाय. गाडी थांबली की रेघ, सुटली की रंग. भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे. प्रत्येक स्टेशनावर काही सेकंद मिळतात, तेवढ्यात पेन टेकवायचं. मधल्या हिसक्यांत रंगाचे मोठे हात मारायचे, तिथे हात हलला तरी बिघडत नाही. एसी लोकल मिळाली तर रंग चटकन सुकतो. साध्या डब्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुकतच नाही. डोंबिवली येते आणि पान ओलंच असतं, मग वही उघडी धरून जिना चढायचा.

डब्यात झोपलेली माणसं पुष्कळ असतात, आणि झोपलेला माणूस हलत नाही म्हणून चित्रकाराला सोयीचा. पण झोपलेल्या बाईचा चेहरा मी काढत नाही. तिने होकार दिलेला नसतो. मी हात काढते. मेथीची जुडी मांडीवर घेऊन पानं खुडणारे हात, गजरा ओवणारे हात, पर्सच्या बंदावर मूठ आवळून झोपलेले हात. जाग्या असलेल्या बायका स्वतःच विचारतात, "काकू, माझा नंबर कधी?" मग चेहराही काढते. चित्र फारसं जमलं नाही तरी त्या मैत्रिणींना बोलावून दाखवतात.

(दृश्य: जुनं परीक्षेचं प्रमाणपत्र. मग कोरं पान.)

चित्रकलेचं माझं शिक्षण म्हणजे शाळेतल्या दोन परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. महाराष्ट्रात शिकलेल्या पुष्कळांनी त्या दिल्या असतील. त्यात स्मरणचित्राचा पेपर असायचा. बाजार, जत्रा, बसस्टॉप, पावसाळ्यातला रस्ता. आम्ही तीन आकृत्या पाठ केल्या होत्या. एक पाठमोरी बाई, लांब वेणी, हातात पिशवी. एक छत्रीवाला माणूस. एक मुलगा, बोट दाखवणारा. विषय कुठलाही येवो, ही तिघं पुढे उभी. मागे लहान लहान माणसं.

ती पाठमोरी बाई माझ्या पहिल्या चार वह्यांत ठाण मांडून आहे. खऱ्या रस्त्यावर उभी राहून समोरची माणसं काढतानासुद्धा हात आपोआप तिच्याकडे वळायचा. डोळे दादरला, हात आठवीच्या वर्गात. ती गेली ती दादरच्या फुलबाजारात, आणि त्यालाही बरीच वर्षं लागली.

(दृश्य: दादर, पहाट. झेंडूचे ढीग, डोक्यावरच्या पाट्या, ताडपत्रीखालचे पिवळे दिवे.)

दादर पश्चिमेला स्टेशनाबाहेर पडलं की दिसायच्या आधी बाजाराचा वास येतो. ओल्या पोत्यांचा, देठांचा, तुळशीचा. मी रविवारी येते, उजाडताना. आधी काहीतरी विकत घ्यायचं, मग उभं राहायचं. हा माझा नियम आहे. सुटी शेवंती घेतली की त्या दुकानाच्या कडेला वीस मिनिटं उभं राहायचा हक्क मिळतो. पाठ भिंतीला किंवा खांबाला लावायची, म्हणजे हमाल मागून येऊन धडकत नाही. वही लहान, तळहाताला जोडून राहील एवढी.

झेंडूचा ढीग दिसला की नवखा माणूस फूल न् फूल काढायला जातो. मीही गेले होते. त्याने ढीग होत नाही, ठिपक्यांची चादर होते. ढीग म्हणजे एक उजेडाची बाजू आणि एक सावलीची. उजेडाकडे पातळ पिवळा, तो ओला असतानाच सावलीकडून शेंदरी सोडायचा. दोन्ही रंग एकमेकांत स्वतःच शिरतात. मग सुकल्यावर कडेची पाच-सात फुलं नीट काढायची, बाकीची बघणाऱ्याचा डोळा काढून घेतो.

इथली माणसं पाठ केलेल्या आकृत्यांत बसत नाहीत. दसऱ्याच्या आधी पालघरकडून आलेल्या बायका आंब्याचे टहाळे आणि भाताच्या लोंब्या घेऊन जमिनीवर बसतात, तेव्हा त्यांचं बसणं बघावं. रात्रभर जागून आलेली बाई पाठ टेकल्याशिवाय कशी तोल सांभाळते, गुडघा कसा वर घेते, त्याच गुडघ्यावर कोपर टेकून टहाळ्यांची जुडी कशी बांधते. हे वीस मिनिटं बघितलं की हाताला ती वेणीवाली बाई आठवत नाही. समोरची जुडी बांधून व्हायच्या आत आपली रेघ व्हायला हवी, एवढंच सुचतं.

(दृश्य: छोटी पत्र्याची रंगपेटी. ब्रश पाण्यात बुडतो.)

माझ्या पेटीत सात रंग. शाळेत कॅमलच्या वड्यांची पेटी होती, तिच्यात बारा होते. आता कमी पुरतात. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना या दोघांवर अर्धी मुंबई निघते. दोन्ही मिसळले की राखाडी होतो. निळा जास्त पडला तर जुलैतलं आभाळ, सिएना जास्त पडला तर चाळीची भिंत. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि सुकल्यावर दाणेदार पोत येतो. शेवाळलेल्या सिमेंटला हा पोत इतका शोभतो की मला वेगळं काही करावं लागत नाही.

कागद जाड हवा, ३०० ग्रॅमचा. पातळ कागद पाणी पडलं की फुगतो, त्याला वळ्या येतात आणि रंग वळीत साचतो. शाई पाण्याने न पसरणारी हवी. हे मला दुसऱ्या वहीने शिकवलं. नेहमीच्या पेनाने काढलेली चोवीस पानं एका जुलैत पिशवीत पाणी शिरून निळी झाली. आणि पावसाळ्यात पेटी ओली असताना बंद करायची नाही, रात्रभर उघडी ठेवायची, नाहीतर रंगावर बुरशी धरते.

पण खरी गोष्ट पांढऱ्याची आहे. पांढऱ्या रंगाची नळी मिळते, मी ती पेटीत ठेवत नाही. पांढरं म्हणजे कागद. रसवंतीत गेलात, तिथल्या ग्लासाच्या काठावर उजेडाची एक बारीक कड असते. ती कड नंतर रंगवता येत नाही, आधीच कोरी सोडावी लागते. म्हणजे ब्रश ओला करायच्या आधी ठरवायचं, इथे हात लावायचा नाही. चरकाचे घुंगरू वाजत असतात, मालक विचारतो आलं-लिंबू घालू का, आणि आपण मात्र ग्लासाच्या त्या कडेकडे बघत असतो. मला जलरंग आवडतात ते या थांबण्यासाठी.

(दृश्य: डी. एन. रोडवरून दिसणारं जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार, झाडं.)

सीएसएमटीजवळच जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, १८५७ चं. याच आवारात महादेव विश्वनाथ धुरंधर शिकले, शिकवू लागले आणि पुढे संचालकपदापर्यंत पोचले. जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेत, पण मला त्यांची जलरंगातली मुंबईची माणसं फार जवळची वाटतात. वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांची साडी नेसायची रीत, पागोट्यांचे आकार, रस्त्यावरची गर्दी. त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डं निघाली आणि घरोघर गेली. साडीचा पदर कुणाचा कुठल्या खांद्यावर, हे त्यांनी बघून ठेवलं म्हणून आज मला बघायला मिळतं. त्यांच्यासमोर ती माणसं रोजचीच होती. तरी ती त्यांनी पानाच्या मधोमध आणली.

(दृश्य: नव्या वह्या. छत्री दुरुस्त करणारा. धार लावणाऱ्याची सायकल. कोर्टाबाहेरचा टाइपरायटर.)

२०२३ नंतरच्या वह्या वेगळ्या आहेत. जूनमध्ये फुटपाथवर येऊन बसणारे छत्री दुरुस्तीवाले, त्यांच्यासमोर पसरलेल्या काड्या आणि तारा. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत सुरीला धार लावणारा. फोर्टात कोर्टाजवळ टाइपरायटर घेऊन बसलेले गृहस्थ, त्यांच्या यंत्रावरचं प्लास्टिकचं आवरण. डब्यांच्या झाकणांवर रंगाने लिहिलेल्या खुणा. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, जागा. यातलं कुठलं आधी जाईल कोण जाणे. मी घाईत आहे.

(दृश्य: एकाच पानावर थांबलेला कॅमेरा. मोठी, संपूर्ण पानभर टॅक्सी.)

आणि हे पान. जानेवारी २०२४.

गाडी समोर नव्हती, म्हणून हे खऱ्या अर्थाने स्मरणचित्र. आधी पिवळा. टप पूर्ण पिवळा करून सुकू दिला, कारण ओल्या पिवळ्याला काळा भिडला की हिरवट चिखल होतो. मग काळा. नळीतला काळा मेलेला दिसतो, म्हणून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, घट्ट. दारावर उजेडाची एक पट्टी कोरी सोडली.

हे पान घेऊन मी फोर्टातल्या टॅक्सी स्टँडवर गेले. तिथे एक वयस्कर काका नव्या गाडीला टेकून चहा पीत होते. त्यांना वही दाखवली. त्यांनी चहा बॉनेटवर ठेवला, हात पॅन्टला पुसले आणि वही घेतली.

"ताई, कॅरिअर राहिला."

मी तिथेच उभ्या उभ्या कॅरिअर काढला.

"मीटर बाहेर होता, डाव्या बाजूला. आणि गिअर खाली नाही हो, स्टिअरिंगला होता. असा." त्यांनी हवेत हात फिरवून पहिला, दुसरा, तिसरा टाकून दाखवला. मी गिअर काढला. मग त्यांनी आरसा थोडा सरकवायला लावला. खिडकीतून बाहेर आलेलं चालकाचं कोपर काढायला लावलं, ते मला आपणहून कधीच सुचलं नसतं.

नंबरप्लेटची पिवळी पट्टी मी कोरी ठेवली होती, काय लिहावं ते कळलं नव्हतं म्हणून. काकांनी पेन मागितलं. वही बॉनेटवर ठेवली, चष्मा वर सरकवला आणि न थांबता, न आठवता, सावकाश एक नंबर लिहिला.

मग म्हणाले, "सुकू दे जरा," आणि वही बंद न करता तशीच उघडी धरून उभे राहिले.