कड दाखवा, मग बोलू

(ठाण्याच्या नौपाड्यात नाणेसंग्राहकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मोलाची जुनी नाणी ऑनलाइन घ्यावीत की समोरासमोर, असा विषय मला दिला आहे. माझ्या मते दुकान कुठलं याला फार महत्त्व नाही. नाण्याची कड बघायला मिळते की नाही, याला आहे. फोटोत छापा दिसतो, काटा दिसतो, कड दिसत नाही. आणि बिंग फुटतं ते बहुतेक वेळा कडेलाच.

हे दोन रुपये मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. दोन्ही व्हिक्टोरिया राणीचे, दोन्ही १९०१ चे, दोन्ही चांदीचे, दोन्ही अस्सल. भिंग घेऊन राणीच्या मुकुटाच्या वर, घड्याळात बारा वाजतात त्या जागेची कड बघा. एकाचे कंगोरे सलग आहेत. दुसऱ्याचे तिथे दोन-तीन मिलिमीटर सपाट झालेत, रंगही जरा पांढुरका आहे. तिथे कडी होती. कुणाच्या तरी पणजीच्या माळेत हा रुपया होता. पुढे कडी काढली, तिच्या जोडाची खूण कानशीने घासली आणि नाणं बाजारात आलं. चांदी तेवढीच आहे, पण संग्राहकाच्या लेखी त्याचा भाव चांगलाच उतरतो. फोटो काढताना वरून लखलखीत दिवा मारला की ती जागा उजेडात विरघळून जाते. विक्रेता खोटं काहीच बोलला नाही, फक्त दाखवलं नाही!

म्हणून ऑनलाइन विक्रेत्याला माझा पहिला निरोप ठरलेला असतो: "दादा, कड दाखवा, मग बोलू." नाणं बोटांत धरून सावकाश फिरवल्याचा व्हिडिओ आणि वजनकाट्यावर ठेवलेला फोटो, एवढंच मागायचं. खरा व्यापारी दहा मिनिटांत पाठवतो. "आणखी चार गिऱ्हाईकं थांबलीत" असं उत्तर आलं, तर त्या चौघांना खुशाल घेऊ द्यावं.

वजनाचं सांगतो. १८३५ नंतरचा ईस्ट इंडिया कंपनीचा आणि पुढे राणीचा रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. झिजलेला रुपया थोडा कमी भरतो, ते चालतं. पण त्याच मापाचा, तेवढ्याच जाडीचा जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या मिश्रधातूचा, तुकडा दहा ग्रॅमच्या आसपासच भरेल, कारण तो धातूच हलका. बनवणाऱ्याने वजन जुळवलं तर जाडी वाढते, आणि जाडी पुन्हा कडेलाच दिसते. लोहचुंबकही खिशात ठेवा. चांदी त्याला चिकटत नाही. १९४७ चा रुपया मात्र चिकटतो, कारण तो निकेलचा आहे, त्याला उगाच खोटा ठरवू नका.

शिवराईच्या बाबतीत वेगळं भान ठेवावं लागतं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हे तांब्याचं नाणं हाताने ठोकून पाडलेलं, त्यामुळे ठसा बहुधा सरकलेला असतो, एखादं अक्षर नाण्याबाहेर गेलेलं असतं. सगळी अक्षरं गोलात सुबक बसलेली अस्सल नाणी नसतातच असं नाही. पण स्वस्तात तशी मिळत असतील, तर ती ओतीव आहेत का ते बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात, किनारीवर साच्याची रेघ असते. आणखी एक. शिवराई पेशवाईतही पाडली जात होती आणि पुढे इंग्रजी अमलातही चालत होती. प्रत्येक शिवराई 'महाराजांच्या हातातली' म्हणून विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. सोन्याचा होन तर फोटोवरून घ्यायचाच नाही, मग विकणारा सख्खा मामा का असेना.

काही नाणी तर जन्मापासूनच बनावट असतात. '१८१८, ईस्ट इंडिया कंपनी' असं लिहिलेलं राम दरबाराचं नाणं कंपनीने चलनासाठी कधी पाडलंच नाही. ते तांदूळ ओढतं, पाण्यावर तरंगतं वगैरे कथा सांगून लोकांना लाखोंना बुडवलं गेलंय. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याबद्दलही अशाच थापा चालतात. नाणं खरं आहे, सरकारी आहे, पण लाखांचं नाही. 'तुमचं नाणं आम्ही लाखोंना घेतो, आधी कमिशन भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की अशा व्यवहारात बँक पडत नाही, कसलंही शुल्क मागत नाही, आणि आपलं नाव वापरून ते मागायचा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही.

आता समोरासमोरची बाजू. तिथे सगळं सरळ असतं असं समजू नका. प्रदर्शनात टेबलापाशी गर्दी, उजेड पिवळा, आणि आपला मराठी भिडस्तपणा. विक्रेत्याने चहा पाजला की "वजन करून बघू का?" विचारायला जीभ रेटत नाही. विचारा! १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ, १९३८ चा त्यामानाने सहज मिळणारा. म्हणजे आठाचा नऊ करायचा मोह कुणालाही होईल. त्या शेवटच्या आकड्याखाली खरवडल्याच्या रेघा आहेत का, हे भिंगातून निवांत बघायला पाच मिनिटं लागतात. तेवढी जो देत नाही, त्याच्याकडून हजाराच्या वरचं काही घेऊ नका. बिलावर साल, धातू, वजन आणि 'अस्सल नसल्यास परत' एवढं लिहून घ्या. तोंडी हमी मंडपाबरोबरच गुंडाळली जाते.

मग ऑनलाइन कशासाठी? भावासाठी. पूर्वी व्यापारी सांगेल तो भाव असायचा. आज लिलावांचे जुने निकाल घरबसल्या बघता येतात. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. बादशहाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ ला ठसा बदलला. तो कुठल्या दर्जाला कितीला गेला, हे आधी बघून मग दुकानात जा. बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन आणि कर चढतो, तोही हिशेबात धरा. नवी स्मारक नाणी टांकसाळीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत. पीसीजीएस, एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्था, त्यांच्या सीलबंद डबीतलं नाणं ऑनलाइन घ्यायला माझी हरकत नाही, पण डब्याही बनावट निघतात. डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाका, तिथे नाण्याचा फोटो असेल तर ओरखडान्‌ओरखडा जुळवा.

काकू, तुमचा प्रश्न परदेशातल्या मुलाला आजोबांची नाणी पाठवण्याचा होता ना? शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. कुरिअरनेही नाही. आणि दादा, तुम्ही विचारलंत, पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला तर? दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे. ठाणेकरांना त्यासाठी कोर्टनाक्यापर्यंतच जायचंय. हां, आणि ते दोन रुपये फिरत फिरत कुठवर आलेत?