‘सरकलेला’ मणका आणि न उतरलेले खांदे

मित्रहो, रोजच्या ताणांचा कण्याच्या ठेवणीवर काय परिणाम होतो, हे कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हातांनी मणक्यांवर उपचार करण्याच्या आमच्या पद्धतीच्या, दृष्टीने सांगेन असे मी आयोजकांना कबूल केले आहे. ते मी सांगणारच आहे, पण त्याआधी एका शब्दाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तो शब्द म्हणजे ‘सरकला’. माझ्याकडे कंबर धरून येणारी माणसे खुर्चीत टेकण्याआधीच सांगतात, ‘मणका सरकलाय, बसवून द्या.’ हा शब्द त्यांना आम्हीच, म्हणजे माझ्या व्यवसायातल्या लोकांनी दिला आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे, असे माझे मत आहे.

कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या विटा नव्हेत. मानेचे 7, पाठीचे 12 आणि कंबरेचे 5 असे 24 हलते मणके, त्यांच्यातल्या गाद्या, त्यांना घट्ट बांधणारे अस्थिबंध आणि या सगळ्याला चहूबाजूंनी ओढून धरणारे स्नायू मिळून तो उभा राहतो. मणका खरोखर पुढे घसरल्याची उदाहरणे आहेत, पण तो निराळा विकार आहे आणि हाताने दाबून तो मणका मागे नेता येत नाही. आपली मान आखडते किंवा कंबरेत उसण भरते, तेव्हा बहुतेक वेळा हाड जागचे हललेले नसते. एखादा सांधा पुरेसा हलेनासा झालेला असतो आणि भोवतीचे स्नायू त्याला राखण बसल्यासारखे धरून बसलेले असतात.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. शिकण्याच्या काळात माझे वडील आजारी पडले आणि तीन आठवडे त्यांच्या खाटेशेजारी एका स्टुलावर मी रात्री काढल्या. ते घरी आल्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना नळाकडे वळलो आणि मानेत डावीकडे अशी कळ गेली की ब्रश हातातून पडला. मी एका उपचारकाकडे गेलो. त्याने क्ष-किरण चित्र उजेडाच्या पेटीवर लावले, पट्टी धरून त्यावर पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली आणि सांगितले की मानेचा बाक गेला आहे, मणके जागेवरून हलले आहेत आणि वर्षभर यावे लागेल. त्या पेन्सिलीच्या रेघेने माझ्या मनात घर केले. पुढचे कित्येक आठवडे कुणी मागून हाक मारली तर मी मान न वळवता सगळे अंग फिरवून पाहत असे. दुखणे मुळात थोडे होते, भीतीने ते वाढवले. आखडलेल्या स्नायूंमुळे किंवा चित्र काढताना हनुवटी जरा खाली घेतल्यानेही मानेचा बाक सरळ दिसू शकतो आणि काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या मानाही तशाच सरळ असतात, हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही.

शेवटी माझ्या एका शिक्षिकांनी मला उताणे झोपवून माझ्या डोक्याखाली दोन्ही तळवे ठेवले आणि बराच वेळ काहीच केले नाही. मग त्या म्हणाल्या, ‘डोके तुम्हीच उचलून धरले आहे. माझ्या हातावर वजन आलेलेच नाही. रात्री झोपेत कुणाची चाहूल घेता?’ वडिलांच्या खोकल्याची चाहूल घेत मी उशीपासून डोके किंचित अधांतरी धरून झोपत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. हळूहळू डोके त्यांच्या हातात जड होत गेले. नंतर त्यांनी मानेला एक छोटासा झटका दिला आणि ‘कट्’ असा आवाज आला. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा असतो. पण मान वळली.

आमच्या शास्त्राचा आरंभही अशाच एका मोठ्या दाव्याने झाला. 18 सप्टेंबर 1895 रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, आमच्या पद्धतीचे जनक डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे पामर सांगत. ऐकण्याची नस मानेतून किंवा पाठीतून जातच नाही, हा डॉक्टरांचा आक्षेप मला रास्त वाटतो. मात्र त्याच पामरांनी मणक्यांच्या बिघाडाची तीन कारणे सांगितली होती: इजा, विष आणि मन. आम्ही पहिले तेवढे उचलले आणि तिसरे विसरलो, ही माझी खरी तक्रार आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत, तेव्हा कबूल केलेले आता भरभर सांगतो.

बैठकीबद्दल एवढेच, की कोणतीही एक बैठक वाईट नसते. तास न् तास न बदललेली बैठक वाईट. गाद्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. दाब पडणे आणि सुटणे यांवर त्यांच्यातल्या पाण्याची ये-जा चालते, आणि म्हणूनच सकाळच्या मानाने संध्याकाळी आपली उंची सेंटिमीटरभर कमी भरते. फोनचे म्हणाल, तर डोक्याचे वजन साधारण 5 किलो असते आणि मान पुढे झुकेल तसा मागच्या स्नायूंना ते अधिक जोराने धरावे लागते.

मनाच्या ताणाचा मार्ग मात्र श्वासातून जातो. काळजीत माणूस छातीच्या वरच्या भागाने श्वास घेतो. त्यासाठी मानेच्या मणक्यांपासून वरच्या दोन बरगड्यांपर्यंत जाणारे स्नायू बरगड्या वर खेचतात, आणि दिवसाकाठी आपण सुमारे 20,000 श्वास घेतो. जबडा आवळला जातो, खांदे कानांकडे चढतात. आत्ता तुमचे खांदे कुठे आहेत, ते पाहा. मागच्या रांगेतले बरेच खांदे दोन बोटे खाली आले, ते मला इथून दिसले. आपण ज्याला वाकडी ठेवण म्हणतो ती बहुधा अशी, न सोडलेल्या स्नायूंनी धरून ठेवलेली असते. हाताच्या उपचाराने कंबरदुखीत काही प्रमाणात आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तेवढाच. त्याने इतर रोग बरे होतात असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये आमच्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेही 2010 मध्ये, मणक्यांच्या अशा बिघाडातून रोग होतात या कल्पनेला संशोधनाचा आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे.

एक इशारा दिल्याशिवाय मी खाली बसणार नाही. मानेत किंवा डोक्यात अचानक, कधी नव्हे अशी कळ आली, सोबत चक्कर आली किंवा बोलणे अडखळले, तर मानेला कुणाचाही हात लावू देऊ नका, थेट रुग्णालयात जा. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तरीही तसेच करा.

आणि आज रात्री अंथरुणावर पडल्यावर डोके उशीवर खरोखर टेकले आहे का, तेवढे पाहा. वडील बरे होऊन घरात हिंडूफिरू लागल्यावरही चार महिने मी माझे उचलून धरले होते.