इव्हान्जेलिनच्या मुलखातली आंझेल

नमस्कार, श्रोतेहो.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला लागून एक छोटं बेट आहे, प्रिन्स एडवर्ड आयलंड. लाल माती, बटाट्याची शेतं, लॉब्स्टर पकडणाऱ्या होड्या. बेटाचा कारभार इंग्रजीत चालतो. पण पश्चिमेकडे, दक्षिण किनाऱ्याला, काही गावं अशी आहेत की तिथे आजही घराघरात फ्रेंच बोललं जातं. त्यातलंच एक अ‍ॅब्राम व्हिलेज. आंझेल आर्सनो या गायिकेचा जन्म तिथला, १ ऑक्टोबर १९४३चा. चौदा भावंडांत ती आठवी. एवढ्या गोतावळ्यात आपल्याकडे कुणाचं लक्ष वेधायचं तर एक तर ओरडावं लागतं किंवा गावं लागतं. आंझेलने गाणं पसंत केलं. घरात जुनी लोकगीतं तोंडपाठ असायची, तीच तिची पहिली शिदोरी.

आता इंग्रजी बेटावर ही फ्रेंच गावं आली कुठून? थोडं मागे जावं लागेल.

फ्रान्सहून आलेल्या लोकांनी १६०४पासून या किनाऱ्यावर वस्ती करायला सुरुवात केली. त्यांच्या मुलखाला नाव पडलं अकादी, आणि माणसं झाली अकादियन. समुद्राची भरती अडवणारे बांध घालून त्यांनी खारजमिनी लागवडीखाली आणल्या. १७१३च्या तहात मुख्य भूमीवरचा हा प्रदेश ब्रिटिशांकडे गेला. पुढे युद्धाचे ढग जमले आणि ब्रिटिश राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला हे लोक तयार होईनात, तेव्हा १७५५ मध्ये त्यांना जहाजांत कोंबून हद्दपार करायला सुरुवात झाली. घरं जाळली गेली, एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या बंदरांवर उतरवली गेली. १७५८ मध्ये या बेटाची पाळी आली. सुमारे तीन हजार माणसं जहाजांवर चढवली. त्यातली दोन जहाजं त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुडाली आणि शेकडो लोक गेले. जे जंगलात लपले, जे पुढे परत आले, त्यांच्यातून आजची गावं उभी राहिली.

या सगळ्याला अकादियन लोक काय म्हणतात माहीत आहे? 'ल ग्रां देरांझमां'. देरांझमां म्हणजे व्यत्यय, विस्कोट. कुणाची झोपमोड केली, कुणाच्या कामात अडथळा आणला, तरी फ्रेंचमध्ये याच घराण्यातलं क्रियापद वापरतात. आख्खा समाज देशोधडीला लागला आणि नाव काय, तर 'मोठा व्यत्यय'. मला वाटतं, आंझेलचा विनोद या शब्दात आधीपासूनच होता.

हद्दपारीची ही कहाणी जगभर पोचवली ती एका अमेरिकन कवीने. लाँगफेलोची 'इव्हान्जेलिन' ही दीर्घ कविता १८४७ची. नोव्हा स्कॉशियातल्या ग्रां-प्रे या अकादियन गावची इव्हान्जेलिन, तिचा प्रियकर गाब्रिएल, हद्दपारीत झालेली ताटातूट, आयुष्यभर त्याचा शोध, आणि अखेर म्हातारपणी तो सापडतो तो मृत्युशय्येवर. कवी स्वतः ग्रां-प्रेला कधी गेला नव्हता आणि इव्हान्जेलिन नावाची अशी मुलगीही नव्हती. पण कविता तुफान चालली. पर्यटक यायला लागले, १९२० मध्ये ग्रां-प्रेला तिचा पुतळा उभा राहिला. अकादियन लोकांनीही तिला आपली मानली. आंझेलच्या गावच्या शाळेचं नाव इव्हान्जेलिन, त्या सगळ्या परिसराचंच नाव इव्हान्जेलिन. जिकडे जाल तिकडे ही रडवेली पोर.

आंझेल गाव सोडून शिकायला शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मंक्टनला गेली आणि तिथून फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतातल्या लाव्हाल विद्यापीठात. साहित्य हा तिचा विषय. सुरुवातीला ती लोकगीतंच गायची. स्वतःची गाणी ती लिहायला लागली ती तिशीच्या आसपास. तिच्याच पिढीतली आणखी एक अकादियन गायिका होती, एदित ब्युत्लेर, न्यू ब्रन्सविकच्या पाकेतव्हिलची. दोघी मैत्रिणी. या दोघी, लीझ ओब्यू आणि झाकलिन लमे अशा बायकांनी मिळून सत्तरच्या दशकात स्वतःची निर्मितीसंस्था काढली. रेकॉर्ड आपल्या, कार्यक्रम आपले, हिशेबही आपलाच. त्या काळात गायिकेचा करार बहुधा कुणातरी पुरुषाच्या टेबलावर पडलेला असायचा, हे लक्षात घेतलं म्हणजे यातला धीटपणा कळतो.

१९७५ मध्ये तिची 'प्रमिएर' ही तबकडी आली. प्रमिएर म्हणजे पहिली. मोठ्या काचांचा चष्मा लावलेली ही बाई कधी गिटार घेऊन, कधी पियानोशी बसून गायची, आणि गायची काय, तर रोजचं जगणं. तिचं एक गाणं आहे 'म्वा झ मांझ', म्हणजे 'मी आपली खाते'. खाल्ल्याशिवाय ज्या बाईला राहवत नाही तिचं ते गाणं. सडपातळ दिसण्याचा धाक तिलाही आहे, पण समोर ताट आलं की संपलं. चाल इतकी भरभर पळते की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. हसून झाल्यावर लक्षात येतं की बाईने आपल्या एकटेपणाबद्दल बरंच काही सांगून टाकलंय.

आणि मग ते इव्हान्जेलिनचं गाणं. नाव 'एव्हांझेलीन, अकेडियन क्वीन'. नावातच गंमत आहे: पहिला शब्द फ्रेंच, पुढचे दोन इंग्रजी. आंझेल लाँगफेलोचीच गोष्ट सांगायला घेते, पण तिची इव्हान्जेलिन पदराला डोळे पुसत बसत नाही. ती भविष्यातल्या कंपन्यांमध्ये पैसे गुंतवते! आणि मग त्या कंपन्यांची यादी सुरू होते. तळलेल्या शिंपल्यांचं दुकान, बार, बायकांचे कपडे, बूट, कर्ज देणारी संस्था, शाळा, सगळं इव्हान्जेलिनच्या नावाचं आणि जवळपास सगळं इंग्रजीत. शेवटी कुठे एक फ्रेंच वर्तमानपत्र येतं. तेही खरंच होतं, मंक्टनहून निघायचं, नाव 'लेव्हांझेलीन'.

आपल्या दुःखाची पाटी करून कुणी दुकानावर लावली तर माणूस चिडतो, लेख लिहितो, मोर्चा काढतो. आंझेलने दुकानांची नावं नुसती चालीत बसवून मोठ्याने वाचली. तिच्या लोकांना ते गाणं झोंबलं आणि आवडलंही. पुतळ्यासमोर हात जोडणारेही ते गुणगुणायला लागले. माझ्या मते हे तिचं सगळ्यात चांगलं गाणं, जास्त खपलेलं नसेल, पण चांगलं.

खपाचं म्हणाल तर १९७८ची 'लीब्र'. अर्थ, मुक्त. तीन लाखांहून जास्त प्रती गेल्या. क्यूबेकची सगळी लोकसंख्या तेव्हा साठ-पासष्ट लाख, म्हणजे माणशी हिशेब तुम्हीच मांडा. पुढच्याच वर्षी क्यूबेकमध्ये संगीतासाठीचे फेलिक्स पुरस्कार सुरू झाले आणि सर्वाधिक विक्रीचा मान या तबकडीने मिळवला. बेटावरच्या खेड्यातल्या उच्चारांत गाणारी, पस्तिशीतली बाई! या यशानंतर तिने रेडिओ आणि टीव्हीवर सूत्रसंचालनही केलं. प्रसिद्धीचा तो भर पुढे ओसरला, पण गाणं सुटलं नाही. हसवणाऱ्या या बाईने 'ग्रां-प्रे' नावाचं एक शांत, गंभीर गाणंही लिहिलं. त्यात थट्टा नाही. ते आज अकादियन समारंभांत लोक मिळून गातात. ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मानही तिला मिळाला.

उत्तरायुष्य तिने माँट्रियलच्या उत्तरेला, लोरांतीद डोंगरांतल्या सें-सोव्हरमध्ये काढलं. २५ फेब्रुवारी २०१४ला तिथेच कर्करोगाने ती गेली, सत्तराव्या वर्षी.

तर आता लावतो तेच गाणं, इव्हान्जेलिनचं. फ्रेंच येत नाही म्हणून बिचकू नका. सुरुवातीचं कथानक मी सांगितलंच आहे. नंतर मध्येच तुम्हाला ओळखीचे इंग्रजी शब्द ऐकू यायला लागतील, एकामागून एक, दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखे. तिथे कान द्या.